सत्तावीस ओळींचा आडाखा

१

रोज सकाळी पावणेआठला मास्तर इस्पितळाच्या तळघरात उतरत, खुंटीवरचा जुना स्वेटर अंगात चढवत आणि खुर्चीत नीट टेकायच्याही आधी आपल्या बहिणीचा नंबर टाइप करत. सात आकडी नोंदणी नंबर. स्वतःचा फोन नंबर ते कधीकधी विसरत, पण हा कधीच नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. इस्पितळाच्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस सांभाळणं हे त्यांचं काम. बारा वर्षांपूर्वी इथे संगणक आले तेव्हा अपघात विभागातल्या झाडून सगळ्यांना नोंदी करायला यांनीच शिकवलं, आणि शिकवताना हातात छडी नसल्याची खंत चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तेव्हा नाव पडलं ते चिकटलंच. वय एक्केचाळीस, लग्न नाही, घरी मोठी बहीण. ताई. आई गेली तेव्हा हे सात वर्षांचे होते आणि ताई सतराची. त्यापुढचं सगळं ताईनंच निस्तरलं.

आता नोंदींचं. या इस्पितळात एक नियम होता: प्रत्येक जखमेची ओळ वेगळी. अपघात असो की मारामारी, कागद पुढे कोर्टात जातात, म्हणून जखमेची जागा, बाजू, लांबी, खोली सगळं लिहायचं. पाच वार असले तर पाच ओळी. माणूस पुन्हा काउंटरवर आला की नंबर टाकायचा, जुन्या जखमा समोर येतात.

यायला हव्यात, असं म्हणू. कारण डेटाबेसला प्रश्न विचारला की तो लगेच शोधायला धावत नाही. आधी आडाखा बांधतो, की उत्तरात साधारण किती ओळी निघतील. एकदोन निघतील असं वाटलं तर इंडेक्स, म्हणजे सूची, धरून नेमका त्या जागी जातो आणि क्षणात उत्तर आणतो. त्याहून बऱ्याच निघतील असं वाटलं तर सगळे तक्ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उपसायला घेतो, आणि मग आपण चहा पिऊन यावं. दिवसातल्या पहिल्या प्रश्नाला जी वाट काढली तीच तो दिवसभर सगळ्यांसाठी धरून ठेवतो. म्हणून पहिला प्रश्न सोपा घालायचा, ही मास्तरांची युक्ती. ताईच्या नावावर उभ्या जन्मात एकच जखम होती: चार वर्षांपूर्वी जिन्यात घसरली, हनुवटीला तीन टाके. आडाखा एक, प्रत्यक्ष एक. सकाळी तो नंबर घातला की वर दिवसभर कुणाचं अडत नसे. ताईच्या हनुवटीवर इस्पितळ चालतं, असं मास्तर म्हणत. ताईला हा विनोद मुळीच आवडत नसे.

२

एका सोमवारी साडेदहाला वरून फोन आला. घाईबाईंचा. घाईबाई म्हणजे अपघात विभागाच्या काउंटरवरच्या बाई. स्वतःच्या वाक्याचा शेवटही त्यांनी कधी कुणाला ऐकू दिला नव्हता.

"मास्तर, झोपलं तुमचं मशीन! एक पोस्टमन आलाय, पाय मुरगळलाय, बाकी काही नाही, नंबर टाकून सात मिनिटं झाली आणि रांग पार दारापर्यंत—"

"बाकीच्यांचं येतंय का?"

"बाकीच्यांचं झटक्यात येतंय हो! ह्या एकट्याचंच—"

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. शून्य ओळी. पोस्टमनला याआधी कधी खरचटलंही नव्हतं. मास्तरांनी डेटाबेसनं घेतलेली वाट उघडून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सकाळी बांधून दिलेली वाट त्यानं मोडली होती, फक्त या एका नंबरसाठी, आणि नवा आडाखा बांधला होता. अंदाजे ओळी: एकोणीस. प्रत्यक्ष ओळी: शून्य.

यात भिण्यासारखं काही नव्हतं. आडाखे जुन्या आकडेवारीवरून बांधले जातात. आकडेवारी शिळी झाली की चुकतात. मास्तरांनी आकडेवारी ताजी केली, सगळा तक्ता नव्यानं मोजायला लावला, नंबर पुन्हा घातला. एकोणीस. ते हसले, यंत्राला एक सौम्य शिवी दिली आणि वहीत 'सवडीनं बघणे' असं लिहून ठेवलं.

बुधवारी दुपारी काउंटरचा प्रिंटर कागद चावायला लागला म्हणून ते वर गेले. टेबलाखाली वाकून कागद ओढत होते तेवढ्यात दारं धाडकन उघडली आणि स्ट्रेचर आत आलं. त्यांना आधी फरशी दिसली. स्ट्रेचरच्या चाकामागून लाल रेघ येत होती, मध्ये कुठेही न तुटता. मग त्यांनी वर पाहिलं. माणसाच्या गालातून काचेचा बोटभर तुकडा आरपार गेला होता आणि तो बोलायला गेला की तुकडा हलत होता. मानेवर, छातीवर, दोन्ही हातांवर काचा उभ्या. गणवेश पोस्टाचा.

स्ट्रेचरमागून एक तरुण धावत होता, त्याचे तळहात फाटले होते. "दार अडकलं होतं हो! आत धूर कोंडला होता. मामांना बाहेर काढायला मीच काच फोडली. ते काचेला चिकटून उभे असतील हे मला काय माहीत? मला काय माहीत?" तो जावई होता. दोघांनी धरून त्याला खाली बसवलं.

डॉक्टर एकेक जखम बोलत होते आणि घाईबाई टाइप करत होत्या. डावा गाल, आरपार. मान, उजवी बाजू, चार सेंटीमीटर. मास्तर टेबलाखालून बाहेर न येता ऐकत राहिले. मोजायचं नव्हतं त्यांना, पण मोजणं ही त्यांची जन्माची खोड.

डॉक्टर एकोणिसाव्यावर थांबले.

३

पोस्टमन शुक्रवारी पहाटे गेला. मास्तर तळघरात बसून राहिले. थंडी नेहमीचीच होती, पण आज स्वेटर पुरत नव्हता.

योगायोग असतो. एकोणीस हा काही दुर्मीळ आकडा नव्हे. हे सगळं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि मग ज्याला स्वतःचंच पटत नाही तो माणूस जे करतो ते केलं: पुरावा शोधायला गेले. उशिरा आलेल्या उत्तरांची यादी डेटाबेस ठेवतोच. त्यांनी वर्षभराची यादी काढली. बांधलेली वाट मोडून एकाच नंबरसाठी नवा आडाखा, आणि आडाखा प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त, असं पोस्टमन धरून सहा वेळा झालं होतं.

लेथवरचा कामगार, ताप म्हणून आलेला. आडाखा नऊ. दोन दिवसांनी त्याचा हात पट्ट्यात सापडला. यंत्र बंद करायचं सोडून जिवलग मित्रानं दंड धरून ओढला आणि हात सोलवटून बाहेर आला. नऊ जखमा. एक म्हातारी, चष्म्याच्या कागदासाठी आलेली. आडाखा चौदा. कुत्रा अंगावर आला, शेजारणीनं लोखंडी सळईनं कुत्र्याला हाणलं, त्यातले निम्मे घाव म्हातारीच्या डोक्यात बसले. चौदा जखमा. चौथा, पाचवा, सहावा. आकडा प्रत्येक वेळी तंतोतंत, आणि प्रत्येक वेळी तीन दिवसांच्या आत.

डेटाबेसचा आडाखा चुकत नव्हता. तो लवकर येत होता, इतकंच.

या सहा जणांत सारखं काय, हे शोधण्यात मास्तरांनी शनिवार घालवला. वय सारखं नव्हतं, धंदा नाही, रक्तगट नाही, पत्ता तर नाहीच. त्यांना काही सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की नऊवाला आणि अकरावाला असे दोघे वाचले होते. बाराच्या वरचं कुणी वाचलं नव्हतं.

रविवारी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि ते भल्या स्वभावाचे असल्यामुळे हसले नाहीत. "मास्तर, रजा किती शिल्लक आहे तुमची?" एवढंच विचारलं.

४

मंगळवारी सकाळी पावणेआठला मास्तर खाली उतरले, स्वेटर चढवला, ताईचा नंबर घातला.

उत्तर आलं नाही.

आधी त्यांना वाटलं, आपण एखादा आकडा चुकलो. चुकले नव्हते. कपाटातल्या यंत्रांचे पंखे एरवी एका सुरात घुमत. आता त्यांचा आवाज चढायला लागला, चढतच गेला, शेवटी टेबलावरचा पेन थरथरून घरंगळला. तक्ते उपसले जात होते. एका माणसासाठी, एका ओळीसाठी, सगळंच्या सगळं. मास्तर पडद्यासमोर उभे होते. बंद करायचं बटण हाताशी होतं, पण ते दाबवेना. दाबलं तर आकडा कळणार नव्हता.

चौदा मिनिटं लागली. हनुवटी, तीन टाके, एक ओळ. मग त्यांनी घेतलेली वाट उघडली. अंदाजे ओळी: सत्तावीस.

फोन वाजत होता, बहुधा घाईबाईंचाच. मास्तर जिना चढत होते.

५

ताई घरीच पुस्तकबांधणी करायची. वाचनालयांची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं येत, ती पुन्हा शिवून, पुठ्ठे घालून परत जात. दोन खोल्यांपैकी पुढची सगळी या कामाची: दाबयंत्र, सरस, दोऱ्याची रिळं, आणि पुठ्ठा कापायच्या सुऱ्या. मास्तरांनी घरात शिरल्याशिरल्या सुऱ्या गोळा करायला सुरुवात केली.

"अरे, अरे! बाळ्या, काय चाललंय? मला उद्या तीस पुस्तकं द्यायचीत."

"तीन दिवस काम बंद."

"आणि लोकांना काय सांगू? भावाच्या डोक्यात बिघाड झालाय?"

त्यांनी सुऱ्या कपाटात घालून कुलूप लावलं. आरी, कात्री, डबे उघडायची पत्र्याची चावी, सगळं. आरसा भिंतीवरून उतरवला. काचेचे पेले पोत्यात भरले. गॅसची नळी काढली. ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. आधी तिला हसू येत होतं, मग येईना.

"इकडे बस," ती म्हणाली. "काय झालं ते नीट सांग."

मास्तरांनी सांगितलं. पोस्टमन, म्हातारी, लेथवाला, आकडे. ताईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. लहानपणी हे तापात बरळत तेव्हाही ती अशीच ऐकून घ्यायची. सगळं संपल्यावर तिनं त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"बाळ्या, यंत्रं चुकतात. तूच म्हणतोस रोज."

"हे चुकत नाही."

"बरं, नाही चुकत. पण मला कोण मारणार रे? माझ्याशी कुणाचं वाकडं आहे? आणि तू आहेस ना इथे."

त्या शेवटच्या वाक्यानं मास्तरांना रडू आलं. ते खरंच रडले, एक्केचाळीस वर्षांचा माणूस, सरसाच्या वासात, ताईच्या खांद्यावर. ताईशिवाय त्यांना या जगात दुसरं माणूस नव्हतं आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

६

भीती ओसरली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या खालून अक्कल वर आली. अक्कल म्हणजे मास्तरांची. ती एकाच दिशेला चालायची.

डेटाबेसवाल्या माणसाला आडाखा आणि प्रत्यक्ष यांत फरक दिसला की चैन पडत नाही. सगळी हयात तो फरक मिटवण्यात जाते. बहुतेक वेळा आडाखा दुरुस्त करतात. पण आडाखा हलत नसेल तर दुसरी बाजू आहेच की! प्रत्यक्ष ओळी सत्तावीस करून टाकायच्या. हवा आहे तो आकडा. आकडा मिळाला की भागलं.

बुधवारी सकाळी त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला ताईजवळ बसवलं आणि तळघर गाठलं. सव्वीस खोट्या जखमा लिहायला बसले. सोपं वाटलं होतं, पण रकाना रिकामा सोडला तर ओळ घेत नव्हती. जागा हवी, बाजू हवी, लांबी, खोली. डावा दंड, मागची बाजू. उजवा तळहात. मान. ताईची मान. लिहिताना प्रत्येक वेळी ती जागा डोळ्यांपुढे येत होती, घराजवळच्या नळावर पाणी भरताना दिसायची तशी. सव्विसावी ओळ लिहून झाली तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

मग नंबर घातला. पंखे चढले.

प्रत्यक्ष ओळी: सत्तावीस. अंदाजे ओळी: त्रेपन्न.

सव्वीस अजूनही बाकी होत्या. खोट्या ओळी कुणी मागितल्याच नव्हत्या. त्यांनी एकेक ओळ पुसली आणि आडाखा मुकाट्यानं सत्तावीसवर परत आला. तो फसत नव्हता. फक्त वाट बघत होता.

"मास्तर!" घाईबाई स्वतः खाली आल्या होत्या, धापा टाकत. "फोन का उचलत नाही? कालपासून सगळे पेशंट आडवे होऊन— तुमचा चेहरा असा का झालाय?"

"बाई, साखर तपासायची टोचणी असते ना, बोटाला टोचायची? मला एक पाकीट हवंय."

"साखर लागलीय तुम्हाला?"

"मला नाही. घरी."

७

युक्ती सरळ होती आणि ती सुचल्यावर मास्तरांना इतकं हलकं वाटलं की येताना त्यांनी ताईसाठी फुलं घेतली. जखमा खऱ्या हव्यात? घे. पण केवढ्या, हे कुठे ठरलंय! सव्वीस टोचण्या. मुंगी चावावी एवढ्या. कुणी परका चाकू घेऊन यायच्या आत आपणच हिशेब पुरा करायचा.

शेजारचं जोडपं आपल्या घरी गेलं आणि ताईनं बोट पुढे केलं. "चल, टोच. पण मग रात्री नीट जेवायचंस आणि सुऱ्या परत द्यायच्यास."

त्यांनी टोचलं. रक्ताचा एक थेंब आला. लॅपटॉप घरूनही डेटाबेसला जोडता यायचा. त्यांनी तिथेच बसून ओळ लिहिली. डावा हात, अनामिका, लांबी शून्य. डेटाबेसनं ओळ परत फेकली. अर्ध्या सेंटीमीटरहून लहान जखम जखम धरली जाणार नाही, असा संदेश आला. मास्तरांनी डोळे मिटले. तो नियम त्यांनीच घातला होता, सहा वर्षांपूर्वी, घाईबाईंच्या हाताखालचे लोक डास चावल्याच्याही ओळी लिहायला लागले तेव्हा.

नियम काढून ओळ आत ढकलली. आडाखा अठ्ठावीस. टोचणी मोजली गेली नव्हती. त्यांनी ती पुसली आणि नियम पुन्हा घातला.

"झालं समाधान?" ताईनं विचारलं.

मास्तरांनी कपाटाचं कुलूप काढलं. सगळ्यांत पातळ पात्याची सुरी निवडली, गॅसची नळी पुन्हा जोडून ती पाण्यात उकळली, फडक्यानं पुसली.

"एकच, ताई. एकच. दंडावर. अर्धा सेंटीमीटर. पट्टी लावून मोजतो. तुला माझी शपथ."

ताईनं सुरीकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिला भीती वाटली असेल, पण सुरीची नव्हे. भावाच्या डोळ्यांत जे काही होतं त्याची वाटली असणार, आणि ते एकदा शांत झालं की सगळं पूर्ववत होईल असंच तिनं धरलं. जन्मभर ती हेच करत आली होती. तिनं बाही वर सरकवली.

कापताना तिचा श्वास अडकला, इतकंच. मास्तरांनी पट्टीनं मोजलं, ओळ लिहिली, नंबर घातला. पडद्यावर यायला आता तेरा मिनिटं लागली.

अंदाजे सत्तावीस. प्रत्यक्ष दोन.

आडाखा वाढला नव्हता. ही ओळ धरली गेली होती. मास्तर उडी मारून उभे राहिले आणि त्यांनी ताईच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले, त्यातल्या एका हातात सुरी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"ताई! चालतंय! पंचवीसच राहिल्या!"

८

"नाही," ताई म्हणाली.

तोवर बुधवारची संध्याकाळ व्हायला आली होती. मास्तरांनी तिला समजावलं. उद्या संपेपर्यंत काहीही होऊ शकतं, बाहेरचा माणूस अर्ध्या सेंटीमीटरवर थांबणार नाही, पोस्टमनच्या गालातली काच मी पाहिलीय. ताई मागे मागे सरकत दाबयंत्रापर्यंत गेली. "बाळ्या, ती सुरी खाली ठेव. आपण डॉक्टरकडे जाऊ. दोघं जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"जाऊ. हे झालं की जाऊ."

"हात सोड माझा."

तिसरी नीट झाली. चौथीला ती किंचाळली आणि हात हिसकला, त्यामुळे ती अर्ध्याची तीन सेंटीमीटर झाली. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिची माफी मागितली आणि तीन सेंटीमीटर असंच लिहिलं. खोटं लिहून भागत नाही हे आता कळलं होतं. ताईनं सरसाचं भांडं त्यांच्या तोंडावर फेकलं. एका डोळ्यानं दिसेना, पण मोजायला एक डोळा पुरतो. ती दाराकडे धावली तेव्हा त्यांनी तिला केसांना धरून मागे ओढलं, आणि ओढतानाही ते तिला सांगत होते की धावू नकोस, पडशील, हनुवटी फुटेल.

"हलू नको ना! ताई, हललीस की मोठी होते!"

"बाळ्या... मी... अरे मी ताई..."

"म्हणूनच!"

फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा कोसळला. पानं फरशीवर पसरली आणि ओली होऊन चिकटायला लागली. सात. ती तळहातावर आली, कारण तिनं पातंच धरलं. आठ, नऊ. दंड झाले की पाठ, पाठीवर जागा पुष्कळ असते. मास्तर प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून पट्टी लावत होते, आकडा मोठ्यानं म्हणत होते, म्हणजे मागाहून नोंद करताना गोंधळ नको. तेरा झाल्या तेव्हा बारा हा आकडा त्यांच्या मनाला चाटून गेला. क्षणभर हात थांबलाही. पण बाराच्या वर गेलेल्या त्या सगळ्या जखमा दुसऱ्यांनी केलेल्या होत्या, बेपर्वाईनं, न मोजता. त्यांना कुणी सांभाळून करणारं नव्हतं.

सोळाव्याच्या सुमारास ताईनं हात आवरते घेतले. ती काहीतरी पुटपुटली, त्यांचं घरातलं नाव असावं, आणि मग खोलीत फक्त रीळ घरंगळत गेल्याचा आवाज राहिला. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. केव्हाचं हेच तर सांगत होतो. आता पट्टी सरळ लागत होती, सतरावी अगदी अर्धा सेंटीमीटर झाली, केसभरही जास्त नाही.

दारावर कुणीतरी जोरजोरानं धक्के मारत होतं. शेजारचे म्हातारे असावेत, आणखीही आवाज होते, कुणी कडी तोडा म्हणत होतं. मास्तरांनी ताईच्या कपाळावरची बट अलगद मागे सारली, सुरी फडक्याला पुसली आणि दाराकडे तोंड करून, पाहुण्यांना थोडं थांबा म्हणावं तशा अजिजीच्या आवाजात ओरडले,

"आलो, आलो! वाचली ती! दहाच राहिल्यात!"